मातीकडं तोंड

लिंबाजी मामा कुणावर हात उगारतील असं त्यांच्या मेंढरांनाही कधी वाटलं नसेल. तरीसुद्धा आमच्या शेजारची शेवटची दीड-दोन वर्षं त्यांनी अंगावर भरलेलं रिव्हॉल्व्हर बाळगून काढली, आणि त्या रिव्हॉल्व्हरचं तोंड या घडीला कुणीकडं आहे हे बघण्यात माझा निम्मा जीव गेला. मी दारात मशीनवर ब्लाऊज शिवत बसायची, हात कापडावर आणि एक डोळा मामांच्या ओट्यावर. मामा उठले की मशीन थांबायची. मामा वळले की माझा श्वास थांबायचा. एकीच्या ब्लाऊजला मी दोन्ही बाह्या उजव्या लावून ठेवल्या त्या याच भीतीपायी, आणि तिनं अजून मला माफ केलेलं नाही.

माझं त्यांचं नातं भिंतीचं. सेनगाव तालुक्यातलं आमचं गाव, गोरेगावच्या बाजाराला जीपनं जायचं अंतर. मी लग्न होऊन आले तेव्हा मधल्या भिंतीपलीकडं हे हटकराचं घर, मागं मेंढरांचा वाडा. सासऱ्यांच्या वयाचे म्हणून मी त्यांना मामा म्हणायला लागले, त्यांच्या बायकोला मामी. मामा मला सूनबाई म्हणत. लेक एकच, ती डोंगरकड्याला दिलेली. घरात हे दोघं आणि मेंढरं.

दिसायला मामा भीती वाटावी असे होते. सहा फूट उंच, लाल पटका, गालावर आलेल्या मिशा, खांद्यावर काळी घोंगडी. नवा तलाठी गावात आला की पहिल्यांदा यांनाच रामराम घालायचा. पण स्वभावानं हा माणूस भित्रा होता, आणि ते सगळ्या गावाला माहीत होतं. स्वतःच्या घरात शिरताना ते उंबऱ्याबाहेर तीनदा पाय आपटत, आत साप असला तर त्याला जायला वेळ मिळावा म्हणून. मामी गॅस पेटवायची तेव्हा हे अंगणात जाऊन उभे राहत. मी चटणी करायला मिक्सर लावला की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "सूनबाई, बंद कर गं, हे बराबर न्हाई!" डॉक्टर मेंढीला सुई टोचायचा आणि "आई गं" मामा म्हणायचे.

पोरं चिडवत. मामांना त्याचं काही वाटत नसे. "भेतोच म्या," म्हणायचे. "काहून भिऊ नये? भ्याल्यानं कुनाचं नुकसान झालं?"

आणि "बराबर न्हाई" हा त्यांचा शेरा. भाजीत मीठ जास्त झालं, बराबर न्हाई. पुढारी भाषणात खोटं बोलला, बराबर न्हाई. मेंढराचं पिल्लू आईला सोडून दुसरीकडं लुचायला गेलं तर त्यालाही बसून समजावत की हे बराबर न्हाई. आवाज कधी चढायचा नाही. नुसतं सांगून मोकळे.

तर अशा माणसानं नदीत खून होताना पाहिला.

आमच्या नदीतली वाळू कोण उपसतं हे गावातल्या लेकराला ठाऊक आहे. त्याचं नाव मी इथंही लिहीत नाही, ट्रॅक्टरवाला म्हणते. गावचा कोतवाल नागोराव एका सकाळी एकटाच नदीत उतरला आणि ट्रॅक्टरसमोर आडवा उभा राहिला. ट्रॅक्टर थांबला नाही. गावात बातमी आली ती अपघात म्हणून. ट्रॅक्टर घसरला, नागोराव खाली आला, नशीब. पोलिसांनीही तसंच लिहून घेतलं.

त्या दिवसापासून मामांनी जेवण टाकलं. मामी भाकरीचं ताट घेऊन माझ्याकडं यायची, "पोरी, तू सांगून बघ." मी गेले तर हे भिंतीला टेकून बसलेले, डोळे उघडे. आठवडाभर असं चाललं. मग एक दिवस पटका बांधून, कुणाला न सांगता, जीपमध्ये बसून ठाण्यात गेले आणि सांगून आले की ट्रॅक्टर घसरला नाही, ट्रॅक्टरवाल्यानं घातला. मी तिथं होतो. मी पाहिलं.

मामी कपाळावर हात मारून रडली. "तुमाला पालीचं भेव वाटतंय आन् त्याच्या नादाला लागले?"

मामा म्हणाले, "म्या बघितलं ना. आता ते बघितलेलं कुठं नेऊन टाकू?"

ट्रॅक्टरवाल्याला अटक झाली आणि काही महिन्यांत तो जामिनावर सुटून आला. गल्लीतून त्याची गाडी रोज जायला लागली. मामांच्या दारापुढं आली की हळू व्हायची. थांबायची नाही, कुणी काही बोलायचं नाही. काचा वर. पण ती गाडी आली की आमची अख्खी गल्ली गप्प होई.

रिव्हॉल्व्हर मामांच्या थोरल्या भावाचं. तो फौजेत होता, परत आल्यावर लायसन काढून घेतलेलं. तो वारला तेव्हापासून ते ठाण्यात जमा होतं. जावयानं धावपळ करून ते वारसानं मामांच्या नावावर करून घेतलं. साक्षीदाराच्या जिवाला धोका आहे असं वकिलानं लिहून दिलं, मामांना चार दिवस पोलीस मैदानावर नेऊन शिकवलं. तिथल्या हवालदारानं जावयाला नंतर सांगितलं की तुमच्या सासऱ्यानं निशाणा चांगला लावला, फक्त प्रत्येक गोळीला डोळे मिटत होते.

घरी आणलं त्या दिवशी मामांनी ते पितळी परातीत ठेवलं, त्यावर टोपलं पालथं घातलं, आणि नवरा-बायको दोघं ओट्यावर येऊन बसली.

आता प्रश्न आला ते लावायचं कशात. भावाचं जुनं कव्हर होतं, फौजी, जाड चामड्याचं. पण ते कमरपट्ट्यात ओवायचं. भाऊ पँट घालायचा. मामांच्या कमरेला धोतर आणि धोतराखाली करदोडा. त्यांनी ते करदोड्याला बांधलं. दुसऱ्याच दिवशी पिठाच्या गिरणीपुढं करदोडा तुटला आणि कव्हरासकट रिव्हॉल्व्हर बायकांच्या डब्यांमध्ये पडलं. नशिबानं आत गोळ्या नव्हत्या. गिरणीपुढच्या बायका कुठल्या कुठं पळाल्या, त्यांत मी पुढं होते. मामा दोन्ही हात कानांवर ठेवून उभे.

मग आम्ही हिंगोलीला गेलो. मामा, मामी, जावई, आणि मला अस्तराचं कापड आणायचं होतं म्हणून मी. पोलिसांचे पट्टे, टोप्या, शिट्ट्या विकणारं एक दुकान तिथं आहे. दुकानदारानं मामांकडं पाहिलं आणि धोतराकडं पाहिलं.

"चाचा, पैंट पहनते हो कभी?"

"न्हाई."

"फिर दिक्कत है. धोती के लिए कोई कंपनी नहीं बनाती."

तरी माणूस भला होता. त्यानं मापाला एक लाकडी पिस्तूल दिलं आणि एकेक कव्हर काढून दाखवायला लागला. पहिलं कमरेचं. स्वतःचा पट्टा त्यानं मामांच्या धोतरावरून आवळला आणि कव्हर उजव्या अंगाला लावलं. मामा दुकानाच्या मधोमध उकिडवे बसले. गिऱ्हाइकं बघायला लागली.

"आमी बसतो असं," मामांनी सांगितलं. "मेंढरात दिवसभर असंच बसावं लागतंय." आणि खाली मान घालून बघितलं तर लाकडी नळी सरळ त्यांच्या मांडीच्या सांध्यात. मामा ताडकन उठले. "न्हाई न्हाई. हे बराबर न्हाई."

दुसरं पायाला बांधायचं. पोटरी उघडी, त्यावर ते चामडं म्हणजे ठाण्यातून पळून आलेला कैदीच. मामी तेवढ्या भीतीतही हसली.

तिसरं काखेतलं, दोन्ही खांद्यांवरून पट्टे. हे सदऱ्याखाली झाकून जायचं. जावयाला तेच पसंत. मामांनी ते चढवलं, हात वर-खाली केले, पिल्लू खांद्यावर घेतल्यासारखं करून बघितलं. मग मागं वळून विचारलं, "ह्याचं तोंड कुनीकडं हाय?"

"पीछे की तरफ," दुकानदार म्हणाला.

मागं मी उभी होते. पिस्तूल लाकडाचं आहे हे मला माहीत होतं, तरी मी बाजूला सरकले. मी कुठं गेले म्हणून मामा वळले. त्यांच्याबरोबर नळीही वळली. मी अजून सरकले, मामा अजून वळले. अख्ख्या दुकानानं हा खेळ पाहिला. शेवटी मामांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सूनबाई," ते म्हणाले, "हे तर दिवसभर तुमाकडंच बघून राहील. मागं कोन तरी असतंयच की. लेकरू असंल, मेंढरू असंल."

रिकाम्या हातानं परत आलो. जीपमध्ये मामा वाटभर आपल्या काखेखाली बघत राहिले. गोरेगाव आल्यावर म्हणाले, "त्याचं तोंड मातीकडं पाहिजे. बसलो तरी, उठलो तरी. मातीला काय होत न्हाई."

गोरेगावच्या बाजारात चपला शिवणारा एक ओळखीचा होता. त्याच्यापुढं बसून मामांनी आपल्याला हवं ते करून घेतलं. जाड कातडं, बोट शिरणार नाही असं चापाच्या जागी बंद. खाली लांब, वर झाकण, झाकणाला दोन बंद आणि दोन्ही बंदांना गाठ. गळ्यातून आडवं लोंबेल, काखेखाली सरळ उभं राहील, तोंड मातीकडं. पट्टा मी शिवला, बाजेची नवार दुहेरी करून.

जावयानं ते पाहिलं आणि त्याचा पारा चढला. "मामा, ह्या गाठी सोडायला दोन हात लागतेत. तंवर समोरचा काय उभा राहनार हाय का?"

"लागू दे की."

"मंग ठिवता कशाला?"

मामांनी एक गाठ ओढून बघितली. मग म्हणाले, "जावईबापू, भेव वाटलं की माझा हात कुठं जाईल ते मला ठावं न्हाई. म्हनून येळ लागला पाहिजे. सोडता सोडता मला कळंल तरी, म्या काय करून राहिलो ते."

जावई कपाळाला हात लावून निघून गेला. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा जरा झोप लागली.

संध्याकाळचा एक विधी ठरून गेला. मेंढरं वाड्यात गेली की मामा मामीला आमच्याकडं पाठवत. कोंबडीसुद्धा घरात ठेवत नसत. दार लावून घेत. आत ते घोंगडी अंथरून, तिच्यावर बसून, गाठी सोडून गोळ्या काढत. आम्ही दोघी माझ्या स्वयंपाकघरात कानांत बोटं घालून उभ्या. मामी डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची. मग भिंतीवर हातानं थापा मारल्याचा आवाज आला की बोटं काढायची. "झालं गं," मामा पलीकडून ओरडत, आवाज थरथरता. सकाळी पुन्हा भरताना तेच. एका भरल्या घरात दोन बायका रोज दोनदा मरत होत्या आणि दोनदा जगत होत्या, असं ते चाललं होतं.

एक दिवस दुपारी ट्रॅक्टरवाल्याचा माणूस मामांच्या ओट्यावर येऊन बसला. मी मशीनवर.

"पानी द्या मामा," तो म्हणाला. मामी घरात नव्हती. मामांनी स्वतः तांब्या आणला. पाणी तांब्याच्या काठावरून सांडत आलं.

"मेंढरं कुठं चारून राहिले सध्या?"

"माळाला."

"नदीकडं न्हाई जात?"

"न्हाई."

"बराबर. नदीकडं लई निसरडं झालंय." त्यानं पाणी पिऊन तांब्या ओट्यावर ठेवला. मग मामांच्या सदऱ्याखालचा उंचवटा बघून हसला. "ओझं लई हाय की मामा. ह्या वयात तकलीफ होत असंल."

मामा समोर बसले होते. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले होते. मला आधी कळलं नाही असं का बसलेत. मग कळलं, हात त्या गाठींकडं जाऊ नयेत म्हणून. तो माणूस उठून गेला, गल्लीच्या टोकाला वळला, तरी मामा तसेच बसून. मी जवळ गेले तर दात वाजत होते.

"चहा ठिव गं सूनबाई," म्हणाले. "गोड कर."

साक्षीची तारीख आली. आदल्या दिवशी मामा बिरोबाला निघाले. कोर्टात शपथ घ्यायच्या आधी देवाचा भंडारा कपाळाला लावायचा, हे त्यांच्या घराण्यात चालत आलेलं. रविवार होता, ढोल वाजत होते, पन्नासेक माणूस जमलं होतं. ट्रॅक्टरवाल्याचा तो माणूसही पलीकडं लिंबाखाली बिडी ओढत होता. मी मामीबरोबर गेले होते.

बिरोबाच्या ओट्यावर कातडं चालत नाही. चपला तर नाहीतच, पण कमरेचा पट्टा, पाकीट, घड्याळाचा पट्टा, सगळं खाली काढून ठेवायचं. ढोलाला कातडं असतं ते चालतं, त्याचं कारण मला माहीत नाही. मामा पायरीपाशी आले, चपला काढल्या, आणि थबकले. गळ्यातलं कव्हर कातड्याचं.

त्यांच्या चेहऱ्यावर मला सगळा घोटाळा दिसला. कव्हरासकट वर जायचं तर देवाला बाट. कव्हरासकट खाली ठेवायचं तर चपलांजवळ लेकरं खेळत होती, आणि लिंबाखाली तो. दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, हे ठाण्यात बजावलेलं. तिथं बसून गोळ्या काढायच्या तर एवढ्या माणसांत. वर पुजारी हाका मारतोय, "लिंबाजी, चल, आरती थांबलीया." मामांनी दोन्ही हातांनी गाठी सोडल्या. रिव्हॉल्व्हर काढलं. रिकामं कव्हर चपलांजवळ ठेवलं. लोखंड देवाला चालतं, हा त्यांचा हिशेब. तलवार चालते, मग हे का नाही? आणि ते उघडं रिव्हॉल्व्हर त्यांनी धोतराच्या कमरेला खोचलं.

मला ओरडायचं होतं. ढोलांत कुणाला ऐकू जाणार होतं?

मामा वर गेले. भंडारा लावून घेतला. मग लोटांगण घालायला गुडघ्यांवर आले, वाकले, आणि कमरेचं धोतर सैल झालं. रिव्हॉल्व्हर घसरलं. पडतंय म्हणून मामांनी झडप घालून ते धरलं.

ढोल थांबले तेव्हा मला कळलं की आवाज झाला. मामा ओट्यावर आडवे होते आणि धोतर पोटरीपासून लाल होत चाललं होतं. माणसं पळत होती, काही पायऱ्यांवरून, काही ओट्यावरून उड्या मारून. मामी पळाली नाही. तिनं पदर फाडून पाय आवळला. मामा म्हणत होते, "कुनाला लागलं का? बघा की, कुनाला लागलं का?"

दुसऱ्या कुणाला लागलं नव्हतं. गोळी पोटरीतून जाऊन मातीत शिरली.

दवाखान्यात जीपमधून नेताना सुरू झालं. कुणी सुरुवात केली ते सांगत नाही, पण जीपमधल्या प्रत्येकाच्या मनात तेच होतं, माझ्याही.

"मामा, त्याचंच नाव घ्या," एक जण म्हणाला. "लिंबाखाली व्हता त्यो. सगळ्यांनी बघितला."

"आमी सांगतो की त्यानंच मारली. धा जन सांगतेल."

जावई डोंगरकड्याहून धावत दवाखान्यात आला तोही हेच म्हणाला. "जामीन रद्द हुईल त्यांचा. मामा, एवढं एक बोला. न्हाईतर लायसन जाईल, बंदूक जाईल, उलटी केस तुमच्यावर, आन् कोर्टात जाल ते मोकळ्या हातानं. मंग कोन वाचवनार?"

मामी नुसती नवऱ्याचा हात धरून त्याच्याकडं बघत होती, आणि तिला काय हवं होतं ते स्पष्ट दिसत होतं. मलाही तेच हवं होतं. एक नाव, आणि ती काचा वर केलेली गाडी गल्लीत यायची बंद.

फौजदार आले. वही उघडून विचारलं, "गोळी कुणी झाडली?"

मामांचे ओठ पांढरे पडले होते. त्यांनी जावयाकडं पाहिलं, मामीकडं पाहिलं. मग म्हणाले, "माझ्याच हातानं उडाली साहेब. पडून राहिलं व्हतं, धराया गेलो."

"विचार करून सांगा."

"विचार केला. हे एक खोटं बोललो तर नागोरावचं बी खोटं हुईल." आणि डोळे मिटून घेतले.

फौजदारांनी लिहून घेतलं. रिव्हॉल्व्हर नेलं, कव्हरही नेलं. जावई बाहेर जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

कोर्टानं पुढची तारीख दिली. त्या मधल्या दिवसांतली भीती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आधी रिव्हॉल्व्हर होतं म्हणून भीती वाटायची, आता नव्हतं म्हणून. मामा काठी घेऊन ओट्यापर्यंत यायचे. गाडी रोज जायची, आता थांबायची सुद्धा. इंजिन चालू ठेवून. मामा उठून आत जात नसत, कारण पाय चालत नव्हता. मी मशीन चालू ठेवायची, खाली कापड नसलं तरी, आवाज असावा म्हणून.

साक्षीच्या दिवशी मामी आणि मी बरोबर गेलो. हिंगोलीच्या कोर्टात दारावर शिपायानं मामांना तपासलं, हात वर करायला लावून. अंगावर काही नव्हतं. पट्ट्याच्या जागी खांद्यावर नवारीनं घासलेला वळ तेवढा सदऱ्याच्या गळ्यातून दिसत होता. काठी घेऊन पायऱ्या चढताना मामांनी मामीला सांगितलं, "जेवून घ्या तुमी. येळ हुईल."

आम्ही जेवलो नाही. दाराशी उभ्या राहिलो.

त्यानंतर मामा गावात परत आलेच नाहीत. जावयानं त्यांना कोर्टातूनच डोंगरकड्याला नेलं, मेंढरं मागून टेम्पोत गेली, घराला कुलूप लागलं. ट्रॅक्टरवाल्याला शिक्षा झाली, तो वरच्या कोर्टात गेला आहे, त्याची माणसं गावातच आहेत. मामा तिकडंच दोन पावसाळे जगले आणि तापानं गेले. मला कळलं तेव्हा सगळं उरकलेलं होतं. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दारातून.

पुकारा झाला. मामा पिंजऱ्यात जाऊन उभे राहिले. ट्रॅक्टरवाला समोरच्या बाकावर, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायावर पाय. शपथ घेताना मामांनी पाणी मागून घेतलं. त्यांनी सगळं सांगितलं. मग त्याचा वकील उठला.

"स्वतःच्या पायात गोळी मारून घेतली ती तुम्हीच ना?"

"व्हय."

"गावात तुम्हाला भित्रा म्हणतात. खरं आहे?"

"खरं हाय."

"त्या दिवशी नदीवर घाबरला होतात?"

"लई."

"मग एवढ्या भ्यालेल्या माणसाला नीट काय दिसणार?"

मामा गप्प झाले. मला वाटलं संपलं. मामीनं माझं मनगट इतकं दाबलं की बांगडी फुटली. मग मामा जे बोलले ते त्यांनी तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं, मामीलासुद्धा नाही.

"साहेब, नागोरावनं मला बघितलं व्हतं. ट्रॅक्टर येऊन राहिला तवा त्यानं हात वर करून मला हाक मारली. लिंबाजी, ये म्हनला. दोघं आसलो तर थांबतेल म्हनला. म्या गेलो न्हाई. भेलो. बाभळीआड बसलो." ते थांबले. "त्याला वाटलं म्या येऊन राहिलो. म्हनून त्यो हटला न्हाई. म्या बाभळीआडून समदं बघितलं. डोळे न्हाई मिटले. तेवढंच झालं माझ्याच्यानं."

वकील पुढचा प्रश्न कागदात शोधत होता. मी मामांच्या तोंडाकडं बघवेना म्हणून खाली पाहिलं. त्यांचं पांढरं धोतर पुढून ओलं झालं होतं आणि ते पाणी पायावरून, दवाखान्याच्या पट्टीवरून, पिंजऱ्याच्या फळीवर उतरत होतं. ट्रॅक्टरवाल्यानंही ते पाहिलं आणि तो हसला. मामांना ते हसू दिसलं.

"अजून इचारा साहेब," मामा म्हणाले. "म्या हाय हितंच."